सुईबाईची कविता कुणावर

पोलीस ठाणे मुरुम, ता. उमरगा, जि. धाराशिव

नाव: महालिंगप्पा वीरप्पा हत्तरगे. वय: चौऱ्याहत्तर वर्षे. धंदा: सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक. राहणार: मठ गल्ली, मुरुम.

तक्रारदार डॉ. दिग्विजय बब्रुवान साळुंके यांनी आज बाजारातून मला त्यांच्याच गाडीत बसवून ठाण्यात आणले. हवालदार योगीराज माने यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिले व तक्रार वाचून दाखवली. मी डॉक्टरांची बदनामी करणारी कविता रचून ती लहान मुलांकडून भर रस्त्यात म्हणवून घेतो, अशी ती तक्रार आहे. त्यावर समक्ष विचारल्यावरून माझ्या माहितीप्रमाणे खरे ते सांगतो की,

मी वरील ठिकाणी मुलगा नंदीश, सून श्रीदेवी व नात प्रतीक्षा, वय सात, यांच्यासह राहतो. नंदीश खताच्या दुकानात कामाला आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली. शिकवले सगळेच, पण माझा जीव मराठीच्या कवितेत. त्या काळी नवे पुस्तक हातात आले की लेकरे आधी कविता कुठल्या पानावर आहेत ते बघायची. गणिताला अंगावर काटा, कवितेला सगळे ताठ. चाळीस लेकरे एका चालीत म्हणू लागली की पलीकडच्या वर्गातले मास्तरसुद्धा खडू खाली ठेवायचे. दुपारचे ऊन उतरून फळ्यापर्यंत यायचे आणि त्या उन्हात खडूची धूळ

इथे हवालदार माने म्हणाले, "गुरुजी, एवढं सगळं लिवायचं न्हाय. मुद्द्याचं सांगा." मी म्हणालो, माझ्यावर कवितेचा गुन्हा आहे, तर कविता हाच मुद्दा झाला. तरी त्यांच्या सांगण्यावरून पुढे जातो.

तक्रारदार डॉ. दिग्विजय हे माझे विद्यार्थी. तिसरीला माझ्या वर्गात होते. पाठांतर चांगले, आवाज खणखणीत. शाळा तपासायला साहेब आले की मी त्याला टेबलावर उभा करीत असे. डॉक्टर झाल्यावर त्यांनी मुरुममध्ये लहान मुलांचा दवाखाना काढला, तेव्हा फीत माझ्या हातून कापून घेतली. तो फोटो दवाखान्यात आत शिरल्यावर उजव्या हाताला होता. आता तिथे कॅलेंडर आहे.

प्रतीक्षा दीड वर्षाची असताना सून श्रीदेवी तिला लशीच्या पुढच्या डोससाठी त्याच दवाखान्यात घेऊन गेली. थंडीचे दिवस होते. पोरीच्या अंगात लोकरीची घट्ट विजार होती. सून नाडी सोडू लागली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "राहू द्या वहिनी, कुठं उघडं करताय, मागूनच देतो." असे म्हणून त्यांनी विजार थोडी खाली ओढून पोरीच्या डाव्या कमरेखाली, मागच्या बाजूला सुई दिली. एवढ्या लहान लेकराला ही सुई मांडीत, बाहेरच्या बाजूने द्यायची असते. हे मला तेव्हा माहीत नव्हते. डॉक्टरांना माहीत होते.

त्या दिवसापासून पोरीचे डावे पाऊल उचलत नाही. आधी वाटले, दुखत असेल. सोलापूरला नसेची तपासणी केली. कमरेजवळ पायाची नस दुखावली आहे, असे तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिले. ती चालते. पण चवडा जमिनीला घासतो. तिच्या डाव्या चपलेचे टोक महिन्याभरात झिजते, उजवी नवीच राहते. चपलेवाला एक चप्पल विकत नाही. आमच्या घरात उजव्या पायाच्या चांगल्या चपला पुष्कळ आहेत. जास्त काही सांगायचे नाही.

आम्ही डॉ. दिग्विजय यांच्याकडे विचारायला गेलो. ते मला म्हणाले, "गुरुजी, लसच अशी असते. लाखात एखाद्या लेकराला होतं. नशीब म्हणायचं आन सोडून द्यायचं." हेच त्यांनी पुढे गल्लीत, लग्नाकार्यात सांगितले. त्यामुळे आमच्या गल्लीतल्या दोन सुनांनी आपल्या लेकरांना लस द्यायची बंद केली. मी नोकरीत असताना शाळेच्या ओसरीवर लेकरांच्या रांगा लावून लशी टोचून घेतल्या आहेत. रडणाऱ्याला मांडीवर घेऊन कविता म्हटली आहे. देवीचा रोग गेला तो लशीने गेला. माझ्या नातीचा पाय लशीने गेला नाही, सुईच्या जागेने गेला. एवढी एक गोष्ट कबूल करायची नव्हती म्हणून माझ्याच विद्यार्थ्याने सगळ्या लशीला बट्टा लावला. पोरीच्या पायाएवढाच या गोष्टीचाही मला राग आहे. राग हा शब्द तसाच लिहावा.

नंदीशने धाराशिवला ग्राहक आयोगात नुकसानभरपाईचा दावा लावला. पोरीच्या पायावर मोठी शस्त्रक्रिया करून स्नायू दुसरीकडे जोडता येतो, त्याचा खर्च, पुढच्या उपचाराचा खर्च आणि जे झाले त्याची भरपाई मिळावी म्हणून. डॉक्टरांनी शपथपत्र दिले. त्यात लिहिले आहे की सुई मांडीतच दिली. शिवाय असे लिहिले आहे की मुलीची आई त्या वेळी मोबाईलवर बोलत होती, तिने काही पाहिलेच नाही, ती पैशासाठी खोटे सांगते. त्या दिवशी खोलीत माझी सून, डॉक्टर आणि पोर एवढेच होते. पोर दीड वर्षाची. आमच्या वकिलांनी स्पष्ट सांगितले, "गुरुजी, नस दुखावली हे दिसतं. पण ती यांच्याच सुईनं, कमरेत, हे दाखवणारं सुनेशिवाय कोण हाय? ते म्हणतील आणखी कुठं इंजेक्शन घेतलं असेल." पुढची तारीख शेवटच्या युक्तिवादाची आहे.

सून श्रीदेवी हिने ते शपथपत्र ऐकल्यापासून घरात मोबाईल उचललेला नाही. तिचे आईवडील बसवकल्याणला असतात. ते शेजारणीच्या फोनवर फोन करतात.

कवितेबाबत विचारल्यावरून सांगतो की, होय, कविता माझी आहे. मी संध्याकाळी मठाच्या ओसरीवर लेकरांना कविता शिकवतो, फी घेत नाही. ही कविता तिथेच शिकवली. संपूर्ण लिहून घ्यावी, अर्धी लिहू नये:

सुईबाई, सुईबाई, कुठं गं जायचं?
मांडीच्या बाहेरून आत शिरायचं.
कमरेत शिरलीस तर काय होईल?
लेकराचं पाऊल निजून राहील.
लस आहे गुणाची, लस आहे खरी,
चुकलेला हात कुणी लपवला घरी?

शेवटच्या ओळीनंतर अर्धी लेकरे "कुणी?" म्हणतात आणि उरलेली अर्धी "कुणी?" म्हणतात. मग सगळी गप्प बसतात. ते गप्प बसणे मीच बसवले आहे. त्याला आठ दिवस लागले, लेकरांना हसू येत होते.

हवालदारांनी विचारले की यात तक्रारदारांचे नाव कुठे आहे. मी सांगितले, नाही. डॉक्टर हा शब्दही नाही. दवाखाना नाही, मुरुम नाही. हवालदारांनी कविता दोनदा वाचली व म्हणाले, "व्हय, न्हाय की."

उपकेंद्रातल्या परिचारिका हर्षालीताई यांनी ही कविता लेकरांकडून ऐकली आणि लसीकरणाच्या दिवशी म्हणून घेतली. त्यांना ती फार आवडली. मी का लिहिली हे त्यांना सांगितले नाही, त्यांना यात गोवू नये. आया हसत हसत म्हणू लागल्या, लेकरांच्या मांडीवर बोट ठेवून दाखवू लागल्या. आमच्या गल्लीतल्या त्या दोन सुनाही लेकरे घेऊन गेल्या. मग त्याच आया डॉ. दिग्विजय यांच्या दवाखान्यातही म्हणू लागल्या, "डॉक्टरसाहेब, मांडीतच हं, सुईबाईला विचारून घ्या." असे मी ऐकले. ऐकून मला बरे वाटले.

हवालदारांनी विचारले, "गुरुजी, खरं सांगा, हे समाजसेवा म्हणून केलं का सूड म्हणून?" मी सांगितले, सूड म्हणून. लेकरांचा फायदा झाला तो झाला. मी रोज सकाळी उठून त्या कवितेत कुठे कानामात्रा ढिला आहे का ते बघत होतो. सुरी पाजळावी तशी ती पाजळली. दिग्विजयला मी ओळखतो. वर्गात खिडकीची काच फुटली आणि कुणी फोडली असे नुसते विचारले, नाव न घेता, फळ्याकडे तोंड करून, तर बाकीची लेकरे खाली बघायची. हा एकटा उभा राहून म्हणायचा, "मी न्हाय गुरुजी, माझा चेंडू तिकडं गेलाच न्हाय." चेंडूचे मी बोललेलोच नसायचो. एवढ्या वर्षांनी माणूस डॉक्टर होतो, गाडी घेतो, पण त्याला बसवत नाही ते बसवतच नाही. म्हणून मी फळ्याकडे तोंड करून विचारले. सहा ओळींत विचारले.

आजची हकीकत अशी की, आज बाजाराचा दिवस. दुपारी ऊन कलल्यावर मी बाजारतळावर पारावर बसलो होतो. मठातली आठदहा लेकरे आपापल्या आयांबरोबर बाजारात आली होती, ती माझ्याभोवती जमली व कविता म्हणू लागली. मी म्हणा असे सांगितले नाही. नका म्हणू असेही सांगितले नाही. प्रतीक्षा माझ्याजवळ पारावर बसली होती. ती ही कविता म्हणत नाही, इतरांनी म्हटलेली ऐकते.

डॉ. दिग्विजय यांची गाडी समोर येऊन थांबली. ते उतरून आले व ओरडले, "बंद करा! बंद करा म्हणतो ना!" लेकरे "कुणी?" म्हणून नेमकी गप्प झाली होती, त्यामुळे त्यांचे ओरडणे सगळ्या बाजाराला ऐकू गेले.

शेजारी लक्ष्मीबाई नावाच्या भाजीवाल्या बसतात. त्या म्हणाल्या, "अवं डागदर, लेकरं सुईला गाणं म्हणत्यात. तुमी का उडालाव?"

डॉक्टर म्हणाले, "तुमी गप बसा मावशी. तुमाला काय ठाऊक."

लक्ष्मीबाई म्हणाल्या, "ठाऊक न्हाय म्हणूनच इचारते की. तुमचं नाव हाय का त्यात? माझ्या नातवाला पाठ हाय. लसीचं हाय, मांडीचं हाय. मेथीच्या जुडीला नाव ठिवलं तर म्या बोलीन. तुमी का बोलताव?"

लोक हसले. कल्याणप्पा बांगडीवाले म्हणाले, "सुई डागदरच्या सोयऱ्यातली असंल." तेव्हा आणखी हसले. डॉक्टर माझ्याकडे वळले आणि मोठ्याने म्हणाले, ते शब्द जसेच्या तसे लिहावेत: "सगळं माझ्यावरच रचलंय ह्या म्हाताऱ्यानं! एका पोरीला कमरेत टोचलं, एकदा, घाईत, तर गावभर माझी धिंड काढतो का रे?"

त्यानंतर कोणी हसले नाही.

लक्ष्मीबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली व विचारले, "कुठं टोचलं म्हणालाव?"

प्रतीक्षाने माझी बाही धरली होती. मग डॉक्टरांनी माझा दंड धरला व "चला, ठाण्यात चला, आता बघतोच" असे म्हणून मला गाडीत बसवले. दंडाला लागलेले नाही, त्याबाबत माझी तक्रार नाही. प्रतीक्षाला लक्ष्मीबाईंनी घरी पोचवले. वरील शब्द ऐकणाऱ्यांत लक्ष्मीबाई, कल्याणप्पा बांगडीवाले, आणि बाजार बंदोबस्ताला उभे असलेले व आमच्या मागोमाग ठाण्यात आलेले हेच हवालदार माने, एवढे मी ओळखतो. कोणी मोबाईलवर घेतले असेल तर मला माहीत नाही, मला ते जमत नाही. हवालदारांना मी विचारले, तुम्ही ऐकलेत का. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली व म्हणाले, "ऐकलं गुरुजी."

ठाण्यात आल्यावर डॉक्टरांनी तक्रार दिली. ती लिहून घेताना, सुई मांडीतच दिली असे त्यांनी सांगितल्यावर, हवालदारांनी त्यांना विचारले, "साहेब, कवितेत कमरेत सुई दिल्याचं हाय. ते तुमच्यावर कसं काय? तुमी तर मांडीत दिली म्हणताव." डॉक्टरांनी खिशातून मोबाईल काढला. मग बाहेर व्हरांड्यात जाऊन वकिलांना फोन केला. फोन बराच चालला. परत आले तेव्हा तक्रार मागे घेतो म्हणू लागले.

तेवढ्यात मुलगा नंदीश व सून श्रीदेवी ठाण्यात आले. डॉक्टर नंदीशला म्हणाले, "नंदीश, आपण एका गल्लीतली माणसं. पोरीचं ऑपरेशन पुण्याला करू, सगळा खर्च माझा. दावा मागं घ्या. गुरुजींनी आज बाजारात काय ऐकलं ते इथंच ऱ्हाऊ द्या."

नंदीशने माझ्याकडे पाहिले. त्याचा दोष नाही, बापाला आधी पोरीचा पाय दिसतो. तो म्हणाला, "आप्पा, पाय होतोय ना. मग काय पायजे आणखी?"

मी काही बोलण्याआधी सून बोलली. ती माझ्यासमोर सहसा बोलत नाही. ती म्हणाली, "डॉक्टर, मी तवा मोबाईलवर होते का?"

डॉक्टर म्हणाले, "वहिनी, ते वकिलानं लिवलं. तसं लिवावं लागतं."

श्रीदेवी म्हणाली, "सही कुणाची हाय?"

ती पुन्हा म्हणाली, "मी विजारीची नाडी सोडत होते. तुमी म्हणालाव राहू द्या. पाच वर्षं झाली, माझ्या माहेरात मी खोटारडी हाय. माझी सासू गेली ती ह्याच विचारात गेली, की आपल्या सुनेनं खरंच बघितलं होतं का न्हाय. खर्च नका देऊ. जिथं मला खोटी म्हणालाव, तिथंच जाऊन म्हणा की बाई खरं बोलली."

माझी पत्नी इरम्मा ही दोन वर्षांपूर्वी वारली. तिला असा विचार होता हे मला आज ठाण्यात कळले.

नंदीश बाकावर बायकोशेजारी जाऊन बसला.

डॉक्टर माझ्या खुर्चीजवळ आले, वाकले आणि हळू म्हणाले, "गुरुजी, चुकलं माझं." त्यांनी माझ्या पायाला हात लावला. हा आवाज मी त्याला टेबलावर उभा करून तयार केला होता. शाळेच्या फाटकापर्यंत पोचायचा. आज तो माझ्या कानापर्यंत आला, शेजारी बसलेल्या हवालदारांपर्यंत आला नाही. मी पाय मागे घेतले. मी म्हणालो, "धाराशिवला म्हण. उभा राहून म्हण."

तरी विचारल्यावरून माझे म्हणणे असे की, कविता मी मागे घेणार नाही, आणि घेतो म्हटले तरी ती आता माझ्याकडे नाही. अणदूरला खंडोबाच्या जत्रेत कोणीतरी म्हटली, तामलवाडीच्या शाळेत पोचली, असे कानावर आले आहे. लिहून माफी मागणार नाही. समजुतीच्या कोणत्याही कागदावर सही करणार नाही. डॉक्टरांनी तक्रार मागे घ्यायचे म्हटले तरी माझा हा जबाब ठेवावा, व त्याची नक्कल आमच्या वकिलांना आयोगात दाखल करण्यासाठी मिळावी. साक्षीदारांची नावे वर दिली आहेत. हवालदार माने यांनीही जे ऐकले त्याचा आपला वेगळा जबाब द्यावा अशी माझी विनंती आहे. ते देतो म्हणाले आहेत. माझ्या नातीला भरपाई मिळायची ती निकालाने मिळावी, उपकार म्हणून नको. डॉ. दिग्विजय यांचे भले व्हावे असे मला सध्या वाटत नाही. पुढे वाटले तर ठाण्यात येऊन कळवीन.

हा जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे मराठीत लिहिला आहे. हवालदार माने यांनी तो मला सगळा वाचून दाखवला. बाजारातले डॉक्टरांचे शब्द आले तिथे त्यांनी आवाज खाली घेतला, म्हणून तेवढा भाग मी त्यांना पुन्हा, व्हरांड्यात ऐकू जाईल असा वाचायला लावला. आता बरोबर आहे.

समक्ष
सही / महालिंगप्पा वीरप्पा हत्तरगे